आप्पा, इथल्या फळ्याला खडू लागत नाही

कॅलगरी, कॅनडा

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, सईच्या शाळेत पालकसभा झाली आणि तिथला फळा पाहून तुमची फार आठवण आली. खडू नाही, डस्टर नाही. बोटाने ओढलं की त्रिकोण सरकतो, तळव्याने पुसलं की अक्षरं जातात. डस्टरच नसल्यामुळे इथल्या मास्तरांना मागच्या बाकावर नेम धरता येत नाही, एवढी एकच गैरसोय.

हा स्मार्ट बोर्ड 1991 साली पहिल्यांदा बाजारात आणला तो इथल्याच एका कंपनीने. त्यामुळे भोरकर भाटघर धरणाबद्दल बोलतात, तसे कॅलगरीकर या फळ्याबद्दल बोलतात.

शिवाय प्रत्येक मुलाच्या मुठीत एक क्लिकर. बाई प्रश्न टाकतात, खाली चार पर्याय. सगळी पोरं बटण दाबतात आणि कुठल्या उत्तराला किती मतं पडली, त्याचा आलेख फळ्यावर उभा राहतो. कोण चुकलं ते बाईंना कळतं, वर्गाला नाही. आपल्या किकवीत चुकलेल्याची बातमी मधल्या सुट्टीच्या आत हायवेपर्यंत जायची!

उत्तरांत फाटाफूट झाली की बाई म्हणतात, "शेजाऱ्याशी बोला," आणि पुन्हा मतदान. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1991 पासून असंच शिकवत आले. तुम्ही "शेजारी बघू नकोस" म्हणून मारलेल्या छड्यांची भरपाई मी आता कुणाकडे मागायची?

सभेत पालकांनाही क्लिकर दिले. प्रश्न होता, रोज गृहपाठ किती हवा? 'मुळीच नको'पासून 'दोन तास'पर्यंत पर्याय. दोन तासांच्या रकान्यात एकच मत पडलं. नावं गुप्त होती, तरी सगळा वर्ग वळून तुमच्या सूनबाईंकडे बघत होता.

पण आप्पा, खरी करामत फळ्याची नाही. एकच हुशार पोरगा उत्तर देणार आणि बाकीचे माना डोलावणार, तर फळा काळा काय नि पांढरा काय. इथे मागच्या बाकावरच्या अबोल पोरालाही उत्तर द्यावंच लागतं. त्यासाठी क्लिकरसुद्धा लागत नाही. प्लिकर्स म्हणून कागदी कार्डं असतात. प्रत्येकावरची नक्षी वेगळी. कार्डाची कुठली बाजू वर धरली, त्यावरून अ, ब, क की ड ते ठरतं. मास्तरांनी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं जमा. शेजाऱ्याचं कार्ड बघूनही काही कळत नाही.

झेडपीच्या शाळेत हे कुठलं जमायला, असं दादा म्हणेल. त्याला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींची आठवण करून द्या. झेडपीच्याच शाळेत शिकवत त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं.

तेव्हा दादाला म्हणावं, भोरला झेरॉक्सवाल्याकडून कार्डं काढून घे आणि पुढच्या आठवड्यात वर्गात वापरून बघ. पहिला प्रश्न तुम्हीच घाला. फक्त कोण चुकलं ते संध्याकाळी पारावर सांगू नका.

आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा