घरात कथाकार आहे

पलूसला आमच्या भावकीत एक कथाकार आहेत. निवृत्त मास्तर. ते मयताला आले की बायका रडणं आवरतं घेतात आणि पुरुषमाणसं वाटणीचा विषय सोडून पावसावर येतात. न जाणो, दिवाळी अंकात यायचं!

त्यांचा तरी काय दोष म्हणा, मुलूखच तसला. शेजारच्या किर्लोस्करवाडीत नांगरांच्या कारखान्याबरोबर 1920 साली मासिक निघालं, पुढं 1930 ला ‘स्त्री’ आणि 1934 ला ‘मनोहर’. कुंडलच्या शाळेत गदिमा शिकले. एवढं सगळं आजूबाजूला असल्यावर एखाद्या घराला कथाकार व्हायचाच.

प्रत्येक कथेखाली ‘पात्रे काल्पनिक’ असं छापतात. पलूसचं पळसगाव करतात. एकदा तर ओळख लपवायला कृष्णेची येरळा केली, मगर मात्र तशीच ठेवली. ऐन वैशाखात कोरड्या येरळेत मगर निघालेली बघून वाचकांनी गाव बरोबर ओळखलं. दारूपायी बैलजोडी विकणाऱ्या मामाला कथेत काका केलं. मामा खूश झाले. खऱ्या काकांनी मात्र बोलणं टाकलं. त्यांनीही जोडी विकली होती, आणि तोवर कुणाला पत्ता नव्हता.

कुणी जाब विचारला की त्यांचं उत्तर तयार असतं, “व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ काय कुणाला इचारून लिवली?” त्यावर काकू आतून म्हणतात, “त्येंनी गावावर लिवलं. तुमी माज्या म्हायारावर लिवताय.”

काकूंचं बरोबर आहे. सासरवाडीवर त्यांचा हात जास्तच सैल सुटतो. आणखी एक गोष्ट लक्षात येते: कथेतला ‘मी’ कायम उंबऱ्यावर बसलेला, भाबडा, डोळ्यांत पाणी आणून घरातला अन्याय बघणारा. बाग कुणी बळकावली, विहिरीचं पाणी कुणी तोडलं, सगळं कळतं. हा ‘मी’ त्या वेळी काय करत होता, ते तेवढं कळत नाही.

औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. परवा तिथून येताना कथा सुचली म्हणून घरी तिळगुळाच्या बैठकीत वाचून दाखवली. बहिणीचं हक्कसोडपत्र असा विषय. भाऊ गोड बोलून तिला तहसीलला नेतात, ती सही करते, चोळीबांगडी घेऊन परत जाते. ऐकणारे गहिवरले. थोरल्या आत्यासुद्धा बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

“लई ग्वाड लिवलंस बाबा,” त्या म्हणाल्या. “समदं खरं हाय. पर सही कुटं करायची त्ये बोट ठिवून कोन दावत हुतं, त्ये ऱ्हायलं बग.”

कथाकारांनी कागद घडी करून खिशात घातला.

“होतं की आत्या,” ते म्हणाले. “संपादकांनी कापलं.”

कथा अजून कुठल्याच संपादकाकडं गेली नव्हती.