कंटेनरातली आत्मनिर्भरता

डॉकरच्या कंटेनरमध्ये बसवलेलं वेब ॲप्लिकेशन भलतंच आत्मनिर्भर. शेजारच्या कंटेनरमधल्या पोस्टग्रेस डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ दिला, की ते पोस्टग्रेसला स्वतःच्याच पोटात शोधतं आणि 5432 पोर्टवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून आपल्यावरच डाफरतं. पत्त्यात कंपोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव घातलं, की मुकाट ओळख पटते.

पुढचा भरवसा त्याच फाइलमधल्या ‘डिपेंड्स-ऑन’चा. नुसतं लिहिलं तर ते डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला एवढंच बघतं. आतला डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार आहे का, ही चौकशी हेल्थचेकची अट घातल्याशिवाय होत नाही. कचेरीचं कुलूप उघडलं म्हणजे साहेब जागेवर आले, असं समजण्यातलाच प्रकार!

सगळं जुळल्यावर पासवर्ड ‘पोस्टग्रेस’च ठेवावा, पोर्ट जगाला उघडं करावं आणि मग सुरक्षिततेवर तासभर मीटिंग घ्यावी.