नावमामा

पुण्यातल्या बऱ्याच घरांत एक नावमामा असतो. तो सख्खा मामाच हवा असं नाही. काका, आतोबा, वरच्या मजल्यावरचे शेजारीसुद्धा चालतात. घरात कुणाला दिवस गेल्याची बातमी आली की बाकीचे तब्येतीची चौकशी करतात आणि हा वही काढतो. मुलगे त्याच्या वहीत नसतात. मुलीचं नाव मात्र असं हवं, की ऐकणाऱ्यानं 'काय म्हणालात?' असं विचारलंच पाहिजे. मग तो पाऊण तास सांगतो.

ही वही भरते पानशेतला. रविवारी पहाटे खडकवासला, डोणजे, खानापूर मागे टाकत तो धरणाशी पोचतो, टपरीवर कांदाभजी सांगतो आणि नकाशा पसरतो. मग काय, नद्याच नद्या: मोसे, गुंजवणी, कानंदी आणि खुद्द पानशेतचं धरण जिच्यावर आहे ती आंबी. नदीच्या नावाला कुणी नाक मुरडलं तर त्याच्याकडे हुकमी दाखला तयार असतो. इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. "परक्या मुलखातली इरावती चालते, मग आपली आंबी का नको?"

हा प्रश्न त्यानं बाळाच्या पणजीसमोर विचारायला नको होता. पणजीचं माहेर शनिवार पेठेत, नदीकाठी. 12 जुलै 1961 रोजी बांधकाम पुरं व्हायच्या आतच पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पणजी म्हणाली, "जिनं आमचा संसार वाहून नेला, तिला मी पाळण्यात घालू?" आंबी खोडली गेली. तशीही धाकट्या मावशीला शाळेतल्या 'आंबट'ची काळजी होतीच.

मग राजगड. माच्या तीन: पद्मावती, संजीवनी, सुवेळा. पहिल्या दोन नावांच्या बायका कुठल्याही भिशीत भेटतात, म्हणून त्या बाद. सुवेळा मात्र त्याचा जीव की प्राण. पूर्वेकडची माची, उगवतीचं ऊन, शिवाय रामायणाचा आधार: राम ज्या पर्वतावर चढून लंका न्याहाळतो, तो सुवेळ. आत्यानं शांतपणे विचारलं, "म्हणजे मुलीला डोंगराचं नाव?" राजगड तिनंही पाहिलेला होता. "आणि त्या माचीला तर भोक आहे ना?" आहे. त्याला नेढं म्हणतात आणि ते बघायला लोक मुद्दाम गड चढतात. पण हे सांगेपर्यंत आत्या घुगऱ्या किती लागतील याकडे वळली होती.

खरी गंमत टपरीवर झाली. मालकीणबाईंनी त्याची वही ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मंग मेंगाई ठेवा की. आमची तोरण्यावर हाय." मामा एकदम भज्यांकडे वळला. देवी जागृत, गड पुणे जिल्ह्यात सगळ्यात उंच, नाव पुण्यात एकीचंही नसेल. तरी मेंगाई त्याच्या वहीत नाही. नाव मावळातलं हवं, पण मावळातल्या आजीचं नको. आणि मालकीणबाईंची नात? ती गल्ल्यामागे मोबाइल बघत बसली होती. तिचं नाव स्वरा.

वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं 2024 मध्ये ठरलं, तेव्हा त्यानं पेढे वाटले होते. बाळाच्या नावाला मात्र घाई नाही, असं त्याचं म्हणणं. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, हे तो कायद्याच्या सालासकट, म्हणजे 1969 सकट, सांगतो. आईबाप ते ऐकून पांढरे पडतात.

शेवटी बाराव्या दिवशी आत्यानं पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं आणि नाव ठेवलं सई. मामाला नाही म्हणता येईना; सईबाई राजगडावरच वारल्या, 1659 मध्ये. फक्त त्याच सोसायटीत आधीच दोन सया आहेत, हे त्यानं जेवताना तीनदा सांगितलं. मग बासुंदीची वाटी खाली ठेवून समोरच्या नवविवाहित जोडप्याला विचारलं, "कानंदी कसं वाटतं?"