बोनेटभाऊ

वर्ध्यात बोनेट उघडणं ही खासगी बाब राहत नाही. आर्वी नाका असो की बजाज चौक, बोनेटला दांडी लावून होत नाही तोच बोनेटभाऊ बाजूला उभे. कधी ते सिंचन खात्यातून निवृत्त झालेले असतात, कधी त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान असतं, कधी ते नुसतेच मोकळे असतात. स्वतः येतात दुचाकीवर. चारचाकी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि अभ्यासाला गाडी दुसऱ्याचीच लागते.

निदानाची रीत ठरलेली. हात मागे बांधून आधी नुसतं ऐकायचं. "एसी बंद करा." केला. "आता लावा." लावला. "हं." मग गाडीमालकाच्या चेहऱ्यावर पुरेशी काळजी उमटेपर्यंत थांबायचं आणि निकाल द्यायचा : "मिसिंग करून राहिली न भाऊ. प्लग गेले." सेवाग्रामला १९६९पासून मेडिकल कॉलेज आहे, पुढे सावंगीलाही झालं. तपासल्याशिवाय औषध लिहू नये, हे तिथं पोरांना वर्षानुवर्षं शिकवतात. ते ज्ञान अजून नाक्यापर्यंत पोचलेलं नाही.

तसं 'प्लग गेले' हे अगदीच खोटं नसतं. उभी गाडी मिनिटाला साडेसातशे-आठशे फेऱ्यांवर शांत चालायला हवी. चार सिलिंडरपैकी एकात इंधन नीट जळलं नाही, तर चौघांनी उचललेल्या पलंगाचा एकाने हात सोडावा तशी ती हिंदकळते. पण हात कोणी सोडला आणि का, याची उत्तरं बरीच : प्लग, इग्निशन कॉइल, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, चिरलेल्या नळीतून आत घुसणारी फाजील हवा, तुंबलेला इंजेक्टर. कधी इंजिन ठणठणीत असतं आणि त्याखालचं माउंटिंगचं रबर तेवढं फाटलेलं असतं. बोनेटभाऊंना इतक्या शक्यतांची गरज पडत नाही. प्लगनंतर त्यांच्याकडे दोनच कारणं उरतात. एक, पेट्रोलमधलं इथेनॉल. दोन, "येळाकेळीवरून समृद्धीवर चढले असान अन् 120नं हाणली असंल." गाडी डिझेलची आहे हे कळल्यावर ते इथेनॉल मागे घेतात. समृद्धी कायम.

त्यांचा खरा शत्रू म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. तो येण्याआधी कानाचं राज्य होतं. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्डला बैल जुंपले होते आणि तिला 'ऑक्स-फोर्ड' म्हणत, हा किस्सा बोनेटभाऊ फार प्रेमाने सांगतात. त्यांच्या मते गाडी असावी तर अशी. सेन्सर नाही, दिवा नाही, आणि मिसिंग झालंच तर कोणता बैल अंग चोरतो ते लांबूनही दिसतं.

पण माणूस काळाबरोबर चालणारा. स्टिअरिंगखाली 16 पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात बोटाएवढा स्कॅनर खोचला की बिघाडाचा कोड मोबाइलवर उमटतो, हे कळल्यावर त्यांनी तो ऑनलाइन मागवला. आता तो शर्टाच्या खिशात असतो, पेनाच्या जागी. "पी झिरो तीनशे," ते गर्दीला वाचून दाखवतात, "म्हणजे तीनशेक रुपयांचं काम." वास्तविक पी0300 म्हणजे इंधनाचं जळणं कुठल्याही सिलिंडरमध्ये, कसंही चुकतं आहे. पी0301 आला तर पहिल्या सिलिंडरकडे बघायचं, पी0302 आला तर दुसऱ्याकडे. स्कॅनर बोट दाखवतो ते जागेकडे. कारण माणसानेच शोधायचं असतं. बोनेटभाऊ मात्र 'कोड पुसा' हे बटण दाबतात. दिवा विझतो. गर्दी "वा" म्हणते, चहा येतो, त्याचे पैसे गाडीमालक देतो. मूळ बिघाड जागेवरच असल्याने एखाद-दोन फेऱ्यांत दिवा परत लागतो. तोवर बोनेटभाऊ दुसऱ्या बोनेटखाली असतात.

इथवर करमणूक म्हणून चालून जातं. दिवा स्थिर न राहता मिचकायला लागतो तेव्हा मात्र त्यांच्यापासून गाडी वाचवावी. त्या वेळी न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो भयंकर तापतो आणि निकामी होऊ शकतो. नवा घेताना घरात बोलणी खावी लागतील एवढा तो महाग. अशा वेळी पाय हलका ठेवायचा, जमलं तर गाडी थांबवायची. बोनेटभाऊंचं निदान : "काही नाई बापा, बल्ब लूज आहे."

शेवटी गाडी जाते मिस्त्रीकडे, आणि मागोमाग बोनेटभाऊही जातात. मिस्त्री कमी बोलतो. पी0301 बघून तो पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पी0302 झाला असता तर कॉइलच गुन्हेगार. पण तो पहिल्यावरच राहतो. प्लगही अदलाबदल करून होतात, तरी तेच. मग तो टॉर्च घेऊन आत वाकतो आणि कॉइलकडे जाणारी, उंदराने कुरतडलेली वायर दोन बोटांत धरून वर दाखवतो.

"मी तं कालच म्हणलो होतो," बोनेटभाऊ मालकाला सांगतात, "करंट पोचून नाई राहिला." मग उंदीर कोणाच्या वाड्यातून आला असेल, पावसाळ्यात ते गरम इंजिनाकडेच कसे येतात, आणि कंपन्या वायरला हल्ली कसलं गोड कव्हर लावतात यावर व्याख्यान सुरू होतं. मिस्त्री टेप शोधतो, ती व्याख्यात्याच्या हातात असते.

"उंदराले तंबाखूचा वास चालत नाई," म्हणत ते खिशातून खर्र्याची पुडी काढतात, चिमूटभर वायरिंगच्या कडेला ठेवतात आणि उरलेला सगळा गालात भरतात. आता पिंक टाकेपर्यंत तोंड बंद. मिस्त्री घाईघाईने वायर जोडून घेतो.