जास्तीची घट

जमाखर्ची डाएटवाला हा बहुधा पंचेचाळिशी ओलांडलेला, बँकेत, विमा कंपनीत किंवा एखाद्या सीएच्या हाताखाली उमेद घालवलेला गृहस्थ असतो. महाराष्ट्रात वजन उतरवणाऱ्यांचे ठळक पंथ दोन. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच जेवणारे, आणि ऋजुता दिवेकरांचं ऐकून वरणभातावर निर्धास्त तूप घेणारे. लग्नाच्या जेवणात या दोघांची जुंपली की जमाखर्ची मध्ये पडत नाही. तो तेवढ्यात फोनवर मठ्ठ्याच्या कॅलऱ्या शोधून घेतो. त्याला गुरू लागत नाही. आकडा छापील असला की त्याचं समाधान होतं.

त्याची सामग्री तीन वस्तूंची. ओट्यावर डिजिटल काटा, न्हाणीघराच्या दाराशी वजनाचा काटा आणि फोनमध्ये ॲप. ॲप परदेशात घडलेलं असल्यामुळे त्याला अळूचं फदफदं ठाऊक नसतं. ते ‘पालक सूप’ या नावाने नोंदवावं लागतं. थालीपीठ ‘पॅनकेक’मध्ये जातं. ही तडजोड मनाला टोचू लागली की तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते मिळवतो. हे तक्ते उत्तमच आहेत, मात्र त्यांतले आकडे मुख्यतः कच्च्या जिन्नसांचे असतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

घरात त्याचा खरा संघर्ष फोडणीशी. एका चहाच्या चमच्यात ५ ग्रॅम तेल मावतं आणि त्याच्या ४५ कॅलऱ्या होतात, हे त्याला पाठ असतं. बायको मात्र तेल बुधलीतून थेट कढईत सोडते आणि हात आपोआप थांबतो तिथे थांबते. यावर त्याने काढलेला तोडगा असा, की फोडणीआधी बुधलीचं वजन करायचं, फोडणीनंतर पुन्हा करायचं आणि फरक खर्ची टाकायचा.

“थांब जरा, काटा शून्यावर येऊ दे.”

“अहो, मोहरी जळतेय! काट्याला म्हणावं, तूच ढवळ.”

या सगळ्या हिशेबाचा पाया एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने घातला. विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात माणसाला बंद खोलीत ठेवून, त्याने खाल्लं किती आणि त्याच्या अंगातून उष्णता किती निघाली, हे मोजलं. पिष्ट आणि प्रथिनं यांच्या ग्रॅमला ४, चरबीच्या ग्रॅमला ९ हे भाव त्यांच्याच कामातून ठरले. लुलू हंट पीटर्स या अमेरिकेतल्या डॉक्टरबाईंनी १९१८ साली पुस्तक लिहून हे मोजमाप घरोघरच्या स्वयंपाकघरात नेलं. १९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की यांनी एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलऱ्या असं गणित मांडलं. किलोला ते सुमारे ७७०० पडतं. जमाखर्ची भागाकार करतो. रोज ५५० कमी खाल्ल्या तर आठवड्याला ३८५०, म्हणजे बरोबर अर्धा किलो. ‘बरोबर’ या शब्दावर त्याची फार श्रद्धा.

आठवडा संपतो. काट्यावर पावणेतीन किलो उतरलेले दिसतात.

दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. हा अस्वस्थ होतो. रोकड जास्त भरली तरी कॅशिअर घरी जाऊ शकत नाही, तशी त्याची गत होते. सव्वादोन किलोंची तफावत, आणि तिला व्हाउचर नाही! पहिला संशय काट्यावर. तो काटा वेगळ्या फरशीवर ठेवून पाहतो, सेल बदलतो, शेवटी कणकेची १० किलोची पिशवी त्यावर चढवतो. पिशवी दहाच किलो भरते. आता काट्यावर आळ घेता येत नाही आणि चोर अंगातच आहे, हे मान्य करावं लागतं.

चोर बहुतांशी पाणी असतं. शरीर पिष्टाचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, साधारण अर्धा किलोपर्यंत. त्यातल्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा उपसला जातो आणि पाणीही बाहेर पडतं. पापड, लोणचं, फरसाण बंद झाल्यामुळे मीठ घटतं, त्याचं पाणी वेगळं. शिवाय पहिलं वजन त्याने रात्री जेवून, पँटच्या खिशात किल्ल्या आणि पाकीट ठेवून केलेलं असतं, आणि दुसरं सकाळी उपाशीपोटी, बनियनवर. एकाच दिवसात वजन किलो-दीड किलो इकडेतिकडे होणं ही अगदी साधी बाब आहे.

पाण्याचा भर ओसरला तरी घट वेगातच राहिली, तर गुन्हेगार भात असतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलऱ्या असतात; तोच शिजला की पाणी पिऊन फुगतो आणि १०० ग्रॅम भातात जेमतेम १३० उरतात. जमाखर्ची ताटातला भात तोलतो आणि तक्त्यातला तांदूळ लिहितो. डाळीचंही तेच. कागदावर तो पोटभर जेवलेला असतो, आणि प्रत्यक्षात रोज दीडेकशे ग्रॅम भातामागे तीनशेहून अधिक कॅलऱ्यांनी उपाशी. हिशेब चोख ठेवल्यामुळे उपासमार होण्याचा हा प्रकार इतर कोणत्याही पंथात आढळत नाही.

दरम्यान नातेवाईक आपल्या परीने निदान करत असतात. “अरे, किती वाळलास! शुगर बघितलीस का?” हे वाक्य त्याला काकू, जिन्यात भेटलेले जोशी आणि इस्त्रीवाला, तिघांकडूनही ऐकावं लागतं. तो उत्तरादाखल फोनमधला आलेख दाखवतो. तरी काकूंचा प्रश्न टाकाऊ नाही. काही न करता वजन उतरू लागलं तर मधुमेह, थायरॉइड, क्षय अशी कारणं तपासावीच लागतात. आणि ठरवून उतरवतानाही पहिले दोन-तीन आठवडे सरल्यावर आठवड्याला किलोहून जास्त जात राहिलं, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. तेव्हा डॉक्टर सांगतात, “थोडं जास्त खा.” जमाखर्ची विचारतो, “कोणत्या सदरात?”

खाणं वाढवणं त्याला फार जड जातं. न वापरलेल्या कॅलऱ्या त्याला शिलकीसारख्या वाटतात, आणि शिल्लक मोडणं त्याच्या स्वभावात नाही. अखेर बायको न विचारता एक घडीची पोळी वाढते आणि बुधली काट्यावर चढायच्या आत फोडणी देऊन मोकळी होते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात घट अर्ध्या किलोवर येते. तो प्रथमच खूश दिसतो, कारण आकडा जुळलेला असतो. पुढे ती पाव किलोवर घसरते. हलक्या झालेल्या शरीराला खर्चच कमी लागतो, आणि ७७०० च्या भागाकारात ही गोष्ट धरलेली नसते. त्याला हे पटत नाही. तो बुधलीवर पेनने खुणा करू लागतो.

एरवी हा माणूस निरुपद्रवी असतो. त्याला जेवायला बोलावणाऱ्यांनी एवढंच करावं: तांदूळ कच्चा किती घेतला होता, ते आठवणीने लिहून ठेवावं.