आभाळातलं बी.एड.

१६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याच्या धावपट्टीवर मुंबईचं विमान उतरलं आणि अमरावतीकर अकोलेकरांशी जरा वरच्या पट्टीत बोलू लागले. अकोल्याची शिवणी इंग्रजांच्या काळापासून धावपट्टी अंथरून बसली आहे. ती लांबवायची म्हटल्यावर शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा वाद वर्षानुवर्षं चालला. या वादावर आता विद्यापीठानेच कुणाला तरी पीएच.डी. द्यावी. इकडे एअर इंडियाने २०२४ मध्येच बेलोऱ्याला वैमानिकांची शाळा जाहीर केलेली. ३४ विमानं, वर्षाला १८० वैमानिक!

दर्यापूरकडच्या आमच्या मामांनी बातमी वाचली. पोरगा बारावीला फिजिक्स-मॅथ्सवाला. लगेच हिशेब मांडला.

व्यावसायिक परवान्याला २०० तास उडावं लागतं. देशातल्या शाळांमधला एकूण खर्च पन्नास लाखांच्या घरात. मामांना लाख कळत नाहीत, क्विंटल कळतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे ६१६ क्विंटल, तेही ओलावा न काढता कुणी पूर्ण भाव दिला तर. मामांची नऊ एकर कोरडवाहू. बोंडअळीने दया दाखवली तर एकरी पाच क्विंटल. बियाणं, फवारणी, वेचणी फुकट आणि घरातली माणसं उपाशी, असं धरलं तर चौदा वर्षांत पोरगा उडतो.

बरं, परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. एअरबस-बोइंग चालवायचं तर त्या विमानाचं प्रशिक्षण वेगळं, त्याचे लाख वेगळे. ते जमेपर्यंत पोरांनी करायचं काय? मास्तरकी! उड्डाण-प्रशिक्षक व्हायचं. शिष्य शेजारी बसतो, तासाचे पैसे शिष्याचा बाप भरतो आणि तास गुरूच्याही वहीत चढतात. गुरुदक्षिणेची इतकी चोख व्यवस्था द्रोणाचार्यांनाही सुचली नव्हती. फक्त हे गुरुपद मिळवायला पुन्हा शिकायचं, पुन्हा उडायचं, पुन्हा काही लाख मोजायचे.

"काऊन बाप्पा, मास्तर व्हाले इतके पैसे?" मामांनी विचारलं.

मी गप्प बसलो. प्रश्नाचं उत्तर मामांनाच ठाऊक होतं. थोरल्याचं डी.एड. झालं, बी.एड. झालं, टीईटी झाली. पुढे संस्थेत 'इमारत निधी' किती, यावर घोडं अडलेलं आहे. जरा वेळाने तेच म्हणाले, "नाही म्हणजे, याच्यात पावती तरी भेटते." वऱ्हाडातल्या शिक्षणसम्राटांचं या धंद्याकडे अजून लक्ष कसं गेलं नाही, हेच नवल. बहुधा विमान आधी दारात असावं लागतं, तिथे अडत असेल. तपासणीच्या दिवसापुरतं शेजारच्या संस्थेतून आणता येत नाही ना.

मग मामा बँकेत गेले. साडेसात लाखांवर तारण हवं. मामांनी सातबारा पुढे केला. साहेबांनी तो बोटाने अलगद मागे सरकवला. कर्ज थकलं तर शेतजमिनीवर सरफेसी कायदा चालत नाही. तेव्हा अमरावतीत फ्लॅट किंवा अकृषक प्लॉट आहे का? पाच पिढ्यांना पोसणारी जमीन सेसना विमानाच्या एका पंखालाही तारण होईना.

सध्या मामा दोन एकर अकृषक करण्याच्या मागे आहेत. पोरगा रोज त्यांना मोटारसायकलवर तहसीलला नेतो-आणतो. बाबू जागेवर नसतात. हे तास २०० मध्ये धरतात का, असं मामांनी विचारून घ्यायला सांगितलंय.