मिनिटाला सहाशे मीटर

मुलुंडच्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक फियाटवाले काका असतात. आरसी बुकात गाडी प्रीमियर पद्मिनी असते, पण तसं म्हटलेलं काकांना खपत नाही. पद्मिनी हे नाव 1974 साली लागलं. त्याआधी ती 1964 पासून फियाट 1100 डिलाइट. जन्म कुर्ल्याचा, घराणं तुरिनचं. ही वंशावळ ऐकल्याशिवाय सोसायटीतला पार्किंगचा एकही वाद मिटत नाही.

कुळाचा अभिमान इथेच थांबत नाही. 1927 ते 1957 या काळात इटलीत मिले मिलिया नावाची शर्यत व्हायची. ब्रेशियाहून रोमला जायचं आणि परत यायचं, साधारण 1600 किलोमीटर. तीत फेरारी धावत हे जगाला ठाऊक; फियाट 1100ही धावत हे मुलुंडात फक्त काकांना. ‘मग त्या पोचायच्या कधी?’ असं विचारणाऱ्या पुतण्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

1977 पासून मिले मिलिया जुन्या गाड्यांसाठी पुन्हा भरू लागली, पण आता तिथे वेगापेक्षा नेमकेपणाला मोल आहे. आपल्याकडच्या टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स, रॅलीचीही हीच रीत. ठरावीक अंतर, ठरावीक सरासरी वेगाने, ठरल्या सेकंदाला कापायचं. रस्त्यात कुठेतरी झाडाआड मार्शल घड्याळ घेऊन उभा. उशीर झाला तर दंड, लवकर पोचलात तरी दंड.

काकांना हा खेळ आपल्यासाठीच काढलाय असं वाटलं. त्यांची गाडी वेगाने जाऊच शकत नव्हती. 1089 सीसीचं इंजिन, हँड गियर, हिवाळ्यात चोक ओढल्याशिवाय जागं न होणारं. सुटे भाग शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर खेपा. मिस्त्री असा की पाना हातात घेण्याआधी हळहळतो.

सराव रविवारी पहाटे, ऐरोली पुलाकडे. मुलुंडच्या बऱ्याच गल्ल्या काँक्रीटच्या झाल्यामुळे डांबर दिसलं की काका हळवे होतात. शेजारच्या सीटवर काकू, मांडीवर रोडबुक, हातात स्टॉपवॉच. ताशी 36 म्हणजे मिनिटाला सहाशे मीटर, 4.2 किलोमीटरला बरोबर सात मिनिटं. किराणा दुकानदाराची बेरीज आयुष्यभर उलटी तपासणाऱ्या काकूंना कॅल्क्युलेटर लागत नाही. एवढ्या रुंद रिकाम्या रस्त्यावर ही गाडी काटा 36 वर धरून चाललेली पाहून रिक्षावाले शेजारी येतात आणि विचारतात, ‘धक्का मारू का काका?’

प्रत्यक्ष रॅलीत गाडी घाटात तापते. बोनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं हा जुन्या फियाटवाल्यांचा इलाज. त्या फडक्याची जागा डिकीत टूलकिटच्याही वर असते. पण काकांचा घात गाडी करत नाही, स्वभाव करतो. हा माणूस 8.12च्या फास्टसाठी 7.40ला फलाटावर उभा राहिलेला. लग्नाला गेला की मांडववाल्याला खुर्च्या मांडू लागलेला. ‘अहो, हळू, अकरा सेकंद पुढे आहोत,’ काकू सांगतात. ‘हाताशी असू देत,’ काका म्हणतात, आणि पुढच्या वळणावर झाडाआडून मार्शल बाहेर येतो.

वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची एक रॅली फक्त बायकांची असते. तीत काकू वन्संना शेजारी बसवून फियाट स्वतः चालवतात. काकांचं काम बोनेट पुसणं आणि टाटा करणं. दिवसभर फोन करून ते विचारतात, ‘चोक आत ढकललास ना?’ काकू फोन उचलत नाहीत, म्हणून वन्संना करतात.

काकूंचा दंड काकांपेक्षा नेहमीच कमी भरतो. काका निकालाचा कागद चष्मा वर-खाली करून वाचतात आणि ‘त्या दिवशी रस्ता मोकळा होता’ असा निवाडा देतात. काकू शांतपणे सांगतात, ‘वेळेआधी जाऊन बसणं हाही गुन्हाच आहे, हे मी चाळीस वर्षं सांगतेय. रॅलीवाल्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, तेव्हा कुठे वाचलंत.’